टिकली कुणी लावायची?

रंगाचा डबा उघडा राहिला की वर साय धरते. काढून टाकली तरी पुन्हा धरते. दुकानातल्या गोष्टींचं तसंच आहे. मी काही त्या जमवायला बसलो नव्हतो. झाशीच्या सीपरी बाजारात बोर्ड रंगवण्यात जन्म गेला, आणि लोक येता-जाता आपापलं येडेपण माझ्या ओट्यावर सोडून गेले. आता नजर दगा देते, पण हात शाबूत आहे आणि तोंड तर आहेच. तेव्हा ऐका. नाही ऐकायचं तर चहा पिऊन जा, पण कपबशी विसळून ठेवा.

आधीच सांगतो, शाळा माझी पाचवीपर्यंत. पुण्याचे पाहुणे येतात आणि म्हणतात, "काका, तुमची मराठी हिंदीसारखी लागते हो." लागू दे! आमची माणसं पेशव्यांच्या काळी इकडे आली ती मराठी घेऊन आली. नंतर ती बदलून आणायला कुणी पुण्याला गेलं नाही.

दुकानात आम्ही दोघं. अक्षरं मी काढतो, चित्रं हरप्रसाद काढतो. हरप्रसाद पक्का बुंदेली माणूस, बोलतो कमी. पण म्हैस अशी काढतो की दूधवाला सायकल थांबवून कास बघतो. तिसरे गुर्जर मास्तर. आपलेच मराठी, इंटर कॉलेजातून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. ते काम काही करत नाहीत. स्टुलावर बसतात, चहा पितात आणि चुका काढतात.

आणि भिंतीला भिंत लागून बाबूलाल टेलर. डोळे अधू झाल्यापासून त्याचं कापणं, शिवणं, गिऱ्हाईक, सगळं त्याची मुलगी पुष्पा बघते. पुष्पाने लग्न केलं नाही. का नाही ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. धाकटा भाऊ मनोज ग्वाल्हेरला नोकरीला. दिवाळीला येतो, दुकानाकडे बघतो आणि म्हणतो, "इतनी अच्छी जगह पर सिलाई मशीन! मोबाइल वाले को दे दो, पापा." बाबूलाल मान डोलावतो, "लड़का आखिर लड़का है. दुकान तो उसी की है." दुकान गेलं तर पुष्पाची मशीन घरात पलंगाखाली जाणार आणि पुष्पा चुलीपुढे, हे अख्ख्या बाजाराला दिसत होतं. बापाला मोतीबिंदू!

पुष्पा तेव्हा मशीन जोरात चालवते. आमच्या भिंतीला कळतं.

* * *

टिकलीचं खूळ सुरू झालं ते लल्लन हलवायापासून.

लल्लनला बोर्ड इंग्रजीत हवा होता. का, तर समोरच्याचा इंग्रजीत होता. म्हणाला, "चाचा, वो ऊपर वाली बिंदी भी डालना."

"कहाँ?"

"जहाँ अच्छी लगे."

आता लल्लनच्या नावात दोन एल शेजारी-शेजारी. अगदी बोडके दिसत होते. मी त्यांच्या मधोमध टाकली. छान दिसली. गुर्जर मास्तर आले, वर बघितलं आणि चहाचा घोट त्यांच्या नाकातून बाहेर आला.

"दत्तोपंत, हे काय?"

"शोभा."

"ही शोभा नाही हो! ही अ‍ॅपॉस्ट्रॉफी!"

हा शब्द मी म्हणत नाही. माझी कवळी बाहेर येते. मी टिकली म्हणतो. मास्तरांनी मग स्टूल पुढे ओढून समजावलं, "आपण 'लल्लनचं दुकान' म्हणतो ना? त्यातला 'चं' म्हणजे ही टिकली आणि तिच्यापुढचा एस. नाव संपलं की ती, मग एस. दुकान कुणाचं ते ती सांगते."

"मालकी दाखवायची आणि ती एवढीशी?"

"एवढीशीच."

"मास्तर, अख्खा मुलूख घशात घातला त्या लोकांनी, आणि मालकीची खूण माशीएवढी?"

"म्हणूनच घशात जाईपर्यंत कुणाला दिसली नाही!"

मी टिकली पुसली. नव्या जागी लावणार, एवढ्यात हरप्रसादने माझा हात धरला. "पंडित, मालिक की निशानी है तो मालिक लगाए. हम काए लगाएँ?"

बरोबर होतं त्याचं. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, तसं हे. लल्लनला बोलावलं. तो कढईवरून उठून तसाच आला. ब्रश पुढे केला तर म्हणाला, "मालकी का मामला है, अँगूठा लगेगा." आणि त्याने लाल इनॅमलच्या डब्यात अंगठा बुडवून बोर्डावर दाबला. लल्लनचा अंगठा तुम्ही बघितलेला नाही. अक्षरं लहान दिसायला लागली!

दुपारी पहिलंच गिऱ्हाईक आलं, वर बघून म्हणालं, "लल्लन भैया, आपका एक गुलाबजामुन ऊपर चिपक गया है."

पण रीत पडली ती पडली. बोर्ड सगळा मी रंगवायचा, टिकलीची जागा कोरी ठेवायची. मग मुहूर्त, नारळ, लाडू, आणि चार लोकांसमोर मालकाने आपल्या हाताने लाल टिकली लावायची. ज्याचा हात, त्याचं दुकान. कुठे लिहिलेलं नाही, कुणी ठरवलेलं नाही. पण तहसीलीतल्या कागदावर भांडणारे लोक टिकलीवर भांडत नाहीत. ती सगळ्यांनी बघितलेली असते ना!

* * *

भांडत नाहीत म्हटलं, पण साहू बंधू भांडले.

लोखंडी सामानाचं दुकान, मालक दोघं. मोठा महेश, धाकटा सुरेश. मास्तरांनी त्यांना उगाच ज्ञान दिलं, "एक मालक असेल तर टिकली एसच्या आधी. पुष्कळ असतील तर एसच्या नंतर." झालं! महेश म्हणतो आधी, कारण मोठा मी. सुरेश म्हणतो नंतर, कारण मी काय रस्त्यावरून आलो का? नारळ हातात, लाडूंवर माश्या, आणि दोघं ब्रश ओढतायत.

शेवटी हरप्रसादने दोन ब्रश दिले. महेशने एसच्या आधी लावली, सुरेशने एसच्या नंतर. बिचारा एस मधे, दोन शिपाई धरून कचेरीत नेतात तसा.

मास्तरांनी डोळ्यांवर हात ठेवला. "दत्तोपंत, मला घरी पोचवा."

पोचवणार कुठे! तेवढ्यात ललितपूरच्या बसमधून तिसरा भाऊ उतरला. गणेश. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. तो पिशवी हातात घेऊन बोर्डाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "और हमारी?"

आता जागा कुठे उरली होती? त्याची टिकली एसच्या डोक्यावर लावली. मास्तरांनी बोटांच्या फटीतून बघितलं. "हा एस नाही," ते म्हणाले, "हा नवरदेव आहे! याला घोड्यावर बसवा!"

त्या दिवशी पुष्पाही दारात उभी राहून हसत होती. हसता हसता बापाला म्हणाली, "बाबूजी, अपना बोर्ड भी तो उड़ गया है. नाम पढ़ने में नहीं आता."

बाबूलाल आतून म्हणाला, "मनोज आएगा तब बनेगा. टिकली वही लगाएगा."

पुष्पा आत गेली. मशीन सुरू झाली. माझ्या फळीवरचे डबे वाजायला लागले.

* * *

मास्तरांचीही जिरली एकदा, ते सांगायलाच पाहिजे. ते स्वतः कधी सांगणार नाहीत.

ओरछा गेटजवळ दुबे नावाच्या माणसाने फाडफाड इंग्रजी शिकवायचा क्लास काढला. त्याला टिकली फार आवडली. इतकी, की जिथे एस दिसेल तिथे त्याला ती हवी. मुलगे, मुली, रिझल्ट, फी, सगळ्यांना टिकल्या. मी म्हटलं, "दुबेजी, इतने मालिक?"

"चाचा, इंग्लिश भरी-भरी दिखनी चाहिए."

दुबे स्वतः शिडीवर चढला आणि टिकल्या लावत सुटला. सगळ्या त्याच्याच हाताने, रीत मोडली नाही! खाली उतरला तेव्हा बोर्ड गोवर आल्यासारखा दिसत होता.

मास्तरांना कळलं. पायात चपला उलट्या घालून निघाले. "मी आत्ता जाऊन त्याला विचारतो! पोरांचं नुकसान आहे हे!" आम्ही वाट बघत बसलो. चहा आला, थंड झाला. संध्याकाळी मास्तर परत आले ते खाली मान घालून.

"काय म्हणाला?"

"ऐकून घेतलं सगळं. फार शांतपणे ऐकलं."

"मग टिकल्या पुसणार?"

"नाही." मास्तर स्टुलावर बसले. "उद्यापासून सकाळची बॅच मला दिली आहे."

हरप्रसाद सहसा हसत नाही. त्या दिवशी त्याने काढायला घेतलेल्या बकरीला पाचवा पाय निघाला.

मास्तरांनी तो क्लास बरेच दिवस चालवला. मागच्या दाराने आत जायचे. पुढच्या दाराला बोर्ड लागतो म्हणून!

* * *

रिक्षावाल्या कल्लूचा किस्सा मला फार आवडतो, कारण त्यात माझी काही चूक नाही.

कल्लूने नवी ऑटो आणली. पाठीवर इंग्रजीत आपलं नाव घालून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, टिकली अम्मा लगाएँगी. गाड़ी उन्हीं की दुआ से आई है." अम्मा आल्या, डोक्यावर पदर घेतला, टिकली लावली, लाडू वाटले. कल्लूची बायको गुड्डी बाजूला उभी होती. तिने लाडू घेतला नाही. ऑटोत चढली आणि मागच्या सीटवर बसली.

"उतर, सवारी लेनी है," कल्लू म्हणाला.

"लो सवारी. किसने रोका है? हम तो न उतरें."

कल्लूने विनवलं, ओरडला, पुन्हा विनवलं. शेवटी तिच्यासकट स्टेशनवर गेला. दिवसभर हा सवाऱ्या नेतोय आणि ही कोपऱ्यात बसलेली. स्टेशन ते सीपरी, सीपरी ते बडा बाजार, पुन्हा स्टेशन. एका सवारीने अवघडून विचारलं, "भैया, ये मैडम कहाँ तक जाएँगी?"

कल्लू म्हणाला, "ये सवारी नहीं हैं भाईसाहब. मालिक हैं."

तिकडे घरी चूल थंड. सासूबाई वाट बघून बघून दमल्या, उठल्या आणि ऑटो स्टँडवर आल्या. सुनेकडे बघितलं. सून समोर बघत होती. अम्मा चढल्या, सुनेशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "चल रे. हम भी देखें तोरी गाड़ी."

मग दोघींनी मिळून फुटाणे खाल्ले म्हणे.

दुसऱ्या दिवशी कल्लू माझ्यापुढे हात जोडून उभा. "चाचा, मेरा नाम मिटा दो. इस पर अपना लिख लो!"

* * *

आता घरचं.

आमच्या घरात भांड्यांवर नावं आहेत. आजोबांचं, वडिलांचं, माझं. काही लग्नात आलेल्या भांड्यांवर मामांची. माझी नात चिनू इंग्रजी शाळेत जाते. मराठी समजते, पण बोलायला लावली की हिंदीत पळते. शाळेत तिला नेमकी टिकलीच शिकवत होते. ती एक-एक डबा उचलून विचारायला लागली, "आजोबा, ये किसका है?"

"माझ्या वडिलांचा."

"और ये?"

"माझा."

"आजी का कौनसा है?"

आम्ही फळ्या धुंडाळल्या. तवा बघितला, परात बघितली, पातेल्यांची बुडं बघितली. आमच्या हिचं नाव कशावरच नाही! आणि त्या भांड्यांना इतकी वर्षं हात लावलाय फक्त तिनेच.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, "अगं, घालून देतो ना नाव. मी पेंटर आहे. सांग कशावर घालू?"

"मीच लावणार टिकली. तुमची रीत आहे ना?"

"लाव. कशावर लावायची त्यावर लाव."

मी मोठ्या दिलाने दुकानाच्या पिशवीतून लाल डबा आणि ब्रश काढून दिला. तिने ब्रश बुडवला, काठाला नीट निथळला, घरभर नजर फिरवली आणि टिकली माझ्या कपाळावर लावली!

"अहो, हलू नका. पसरेल."

इनॅमल ते! पाण्याने जाईना, साबणाने जाईना. घासलेट लावायला ही तयार होईना, म्हणे कातडी सोलेल. दुसऱ्या दिवशी तसाच दुकानात गेलो. हरप्रसादने बघितलं. हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "काए पंडित, रजिस्ट्री हो गई?"

* * *

नंतर फ्लेक्स आलं. कॉम्प्युटरवर बटण दाबतात आणि रात्रीतून बोर्ड तयार. त्याला ना वास, ना वजन. उन्हाळ्यात फिका पडतो, पावसाळ्यात फाटतो आणि गाईच्या पोटात जातो. मी त्याला बोर्ड म्हणत नाही. पण आमचं काम त्याने खाल्लं, ते खरं आहे. हरप्रसादच्या म्हशी आटल्या.

एक दिवस फ्लेक्सवाला अंकित स्वतः आमच्या ओट्यावर आला. काखेत गुंडाळी. मी म्हटलं, "इधर क्या है तेरा? मेरी तेरहवीं का बैनर बनाने आया है?"

"नहीं अंकल." त्याने गुंडाळी उलगडली. छापील, चकचकीत नाव, आणि एसच्या आधी एक जागा कोरी. "पार्टी बोल रही है, टिकली छपी हुई नहीं चलेगी. मालिक के हाथ की चाहिए. वो आप ही के यहाँ लगती है."

मागे मालक उभा. त्याच्या मागे नारळवाला उभा.

मास्तर म्हणाले, "बघा दत्तोपंत, माझ्या विषयाला अजून किंमत आहे!"

मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या विषयात लाडू नव्हते."

फ्लेक्सवर इनॅमल नीट धरत नाही, ओघळतं. ओघळू दे. टिकल्या मात्र अजून आमच्याच ओट्यावर लागतात.

* * *

आणि आता बाबूलालचा बोर्ड.

बाबूलालच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्याने पहिल्यांदा आपला बोर्ड नीट बघितला आणि त्याला रडूच आलं. नाव वाचता येत नव्हतं. मला हाक मारली, "पंडितजी, नया बनाओ. फ्लेक्स नहीं, टीन पर. मनोज को फोन कर दिया है. टिकली लगाकर दुकान सँभाल ले, फिर हम छूटे."

मनोज काय सँभालणार होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने मोबाइलवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी तो माप घ्यायला येणार होता. मी बाबूलालला सरळ विचारलं, मला आडून बोलता येत नाही. "बाबूलाल, शिवते कोण? गिऱ्हाईक कुणाला ओळखतं? ही टिकली पोरीची आहे."

"दुनिया क्या कहेगी, पंडितजी? लड़का होते हुए?"

"दुनिया म्हणजे कोण? इथे मी, लल्लन आणि साहू!"

त्याने मान फिरवली. पुष्पा शर्टाला काजं करत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "चाचाजी, रहने दीजिए. बोर्ड अच्छा बनाइएगा."

मी बनवला. निळ्यावर पांढरी अक्षरं, काठाला सावली. हरप्रसादने कोपऱ्यात शिलाई मशीन काढली, तिच्या सुईत दोरासुद्धा ओवला. टिकलीची जागा कोरी.

मुहूर्ताच्या सकाळी मनोज ग्वाल्हेरहून आला. पुष्पाने त्याच्यासाठी कुर्ता शिवून ठेवला होता. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, गळ्यावर पांढरंच भरतकाम. एवढं बारीक काम तिने नवरदेवांच्या कपड्यांवरही केलं नसेल. मनोजने घातला. आरशात पुढून बघितला, मागून बघितला. लल्लन म्हणाला, "अरे वाह, हीरो!" साहू बंधूंनी वळून बघितलं. कल्लूने ऑटो थांबवून हॉर्न मारला. मनोजची छाती आणखी फुगली.

नारळ फुटला. बोर्ड ओट्यावर टेकवून उभा केलेला. बाबूलालला खुर्ची दिली. मास्तर घसा खाकरून बोट दाखवायला पुढे झाले, "नावानंतर, एसच्या आधी."

हरप्रसादने डब्यात ब्रश बुडवला. आता या माणसाच्या हातून आयुष्यात कधी थेंब गळालेला मी बघितलेला नाही. त्या दिवशी त्याने ब्रश बुडवला तो डब्याच्या तळापर्यंत, आणि काठाला न निथळता तसाच पुढे धरला. टप. टप. ओट्यावर लाल थेंब पडतायत.

"लो भैया. लगाओ."

मनोज एक पाऊल मागे सरकला. कुर्त्याचं टोक हातात धरलं. ब्रशकडे बघितलं, बाहीकडे बघितलं.

"इनॅमल है," हरप्रसाद म्हणाला. "छूटता नहीं है. पंडित से पूछ लो."

सगळे माझ्या कपाळाकडे बघायला लागले.

"अरे यार..." मनोज आणखी मागे सरकला. "जिज्जी, तुम लगा दो न! मेरा कुर्ता खराब हो जाएगा."

लल्लनच्या झाऱ्यातून जिलबी परत कढईत पडली.

पुष्पाने पदर खोचला. हरप्रसादच्या हातातून ब्रश घेतला, डब्याच्या काठाला दोन्ही बाजूंनी पुसला, बोर्डापुढे बसली आणि लावली. एकच फटका. बारीक, वर जाड, खाली निमुळती. अशी टिकली मलाही कधी जमली नाही.

"लग गई?" बाबूलालने विचारलं. नव्या डोळ्यांनी वाकून बघितलं. "किसने लगाई?"

"पुष्पा ने!" अख्खा बाजार एकदम म्हणाला. मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

बाबूलाल बघत राहिला. मग म्हणाला, "सीधी लगी है." आणि लाडू मागितला.

मनोजला काय झालं ते लाडू खाऊन झाल्यावर कळलं. तो आधी हसला. मग कुणीच हसत नाही असं बघून त्याचं हसू गेलं. म्हणाला, "अरे, ये तो ऐसे ही... बिंदी ही तो है!" साहूंच्या गणेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, हम इसी बिंदी के लिए ललितपुर से आए थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवाला आला. गॉगल, हातात लोखंडी टेप. मनोज बापाच्या खुर्चीमागे उभा, तोच कुर्ता घालून. बोर्ड वर चढलेला. मी माझ्या ओट्यावर, मास्तर स्टुलावर, हरप्रसाद रिकामा ब्रश धुतोय.

मोबाइलवाल्याने टेप खर्रकन ओढली, एक टोक शटरला लावलं आणि विचारलं, "मालिक कौन हैं? माप लेना है."

मनोजने तोंड उघडलं. बाबूलालने खुर्चीतल्या खुर्चीत मान वर करून बोर्डाकडे बघितलं. मग मनोजनेही बघितलं. त्याने तोंड मिटलं.

मशीन थांबली. पुष्पा बाहेर आली. मोबाइलवाल्याच्या हातातली टेप तिने हळूच घेतली, गुंडाळली आणि त्याच्याच खिशात ठेवली. मग आपल्या गळ्यातली कापडी टेप काढली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"हाथ ऊपर कीजिए."

त्याने केले.